दुसरा गट

उंदराचं पोट उघडलं आणि माझा हात जागीच थांबला.

जठर रिकामं असायला हवं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला मी स्वतः सगळ्या पिंजऱ्यांतलं खाणं काढून घेतलं होतं आणि फक्त पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. रात्रभर उपाशी राहिलेल्या उंदराच्या पोटात काय असणार? आणि इथं तर जठर टम्म फुगलेलं. मी कात्रीनं बारीक चीर दिली. आतून पांढरट, आंबूस वासाचा लगदा बाहेर आला आणि त्यात तीन तीळ होते.

उंदरांच्या खाद्याच्या गोळ्या तपकिरी असतात आणि त्यांत तीळ नसतात. तीळ लावलेली जोंधळ्याची भाकरी त्या कॉलेजात एकाच माणसाच्या डब्यात यायची. मला ती चांगली ठाऊक होती, कारण तिच्यातली चतकोर मी रोज दुपारी खात होते.

दुसरा उंदीर घेतला. तेच. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. दुसऱ्या गटातले सगळेच्या सगळे जेवलेले. मग मी चौथ्या गटातला एक घेतला. त्याचं जठर स्वच्छ, रिकाम्या पिशवीसारखं चिकटलेलं. पुस्तकात असतं तसं.

मी हातमोजे काढले आणि स्टुलावर बसले. बावीस वर्षं झाली, पण त्या स्टुलाचा एक पाय डगडगायचा हेसुद्धा मला आठवतं.

सांगोल्याच्या पुढं, माणदेश सुरू होतो तिथं एका माळावर ते फार्मसी कॉलेज होतं. दोन इमारती, एक बोअर आणि चहूकडे तरवडाची झुडपं. साखरेच्या आजारावर तरवडाचा पाला चालतो, असं त्या भागात घरोघरी सांगतात. ते खरं की नुसतीच समजूत, हे तपासायला मी पीएचडीसाठी तिथं गेले होते. माझं गाव वर्धा. आई गेलेली, बाबा तिकडे एकटे आणि मी इकडे एकटी. दर रविवारी एसटीडी बूथवरून फोन केला की बाबा एकच विचारायचे, "कधी येतेस?" वर्ध्याच्या एका कॉलेजात व्याख्यात्याची जागा निघायची होती. डिग्री हातात असली तर ती मला मिळणार, हे जवळपास ठरल्यातच जमा होतं. पाल्याचा अर्क चालला की डिग्री आणि डिग्री मिळाली की घर, एवढा सरळ हिशेब होता.

पाला तोडायचा, सावलीत वाळवायचा, दळायचा, अल्कोहोलमध्ये भिजवून त्याचा अर्क काढायचा. मग तो अर्क उंदरांना अठ्ठावीस दिवस पाजायचा. उंदरांचे चार गट, गटात सहा. पहिला गट निरोगी. बाकीच्या तिघांना इंजेक्शन देऊन साखरेचा आजार जडवलेला. त्यातल्या तिसऱ्या गटाला दवाखान्यातली गोळी आणि चौथ्याला माझा अर्क. दुसऱ्या गटाला मात्र काहीच नाही, नुसतं पाणी. औषधाविना आजार कुठवर जातो हे कळण्यासाठी तो गट ठेवावा लागतो. दर आठवड्याला एक रात्र सगळ्यांना उपाशी ठेवायचं आणि सकाळी शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजायची.

कॉलेजात माझ्या वयाचं कुणी नव्हतं. प्राध्यापक सोलापूरहून गाडीनं यायचे आणि चार वाजले की त्याच गाडीनं परत जायचे. पोरं-पोरी आपापल्या गोंधळात. माझी खोली ज्यांच्या माडीवर होती ती माणसं सज्जन होती, पण भाडेकरूशी किती बोलायचं याचं त्यांचं माप ठरलेलं होतं. कधी कधी अख्खा दिवस मी उंदरांखेरीज कुणाशी बोललेली नसायची. एकदा भाजीवालीनं "काय पाहिजे?" विचारलं तर माझाच आवाज मला घोगरा वाटला. त्या दिवशी मी खोलीवर येऊन रडले, हे लपवून काय करू?

एक माणूस मात्र होता. म्हाळाप्पा करांडे, उंदीरखोलीचा राखणदार. साठीचा, काटकुळा, डोक्याला तांबडं मुंडासं. आयुष्यभर मेंढरं राखलेली, पण दुष्काळात कळप विकावा लागला आणि कुणाच्या तरी ओळखीनं हा रोजंदारीवर उंदीर राखायला लागला. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाणी भरणं ही त्याची कामं. बायको गेलेली, मुलगा-सून इचलकरंजीला. पहिले दोन महिने तो मला म्याडम म्हणायचा, मग ताई म्हणायला लागला आणि मी त्याला मामा.

"ताई, तुमी त्ये 'हो जी' म्हणता नव्हं, लई ग्वाड वाटतंय. फकस्त भांडताना कसं म्हणत असतील तिकडं?"

"तसंच म्हणतात. हो जी, मारतो जी."

तो तोंडावर मुंडाशाचा शेव धरून हसायचा.

त्यालाही साखरेचा आजार होता. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या त्याच्या बंडीच्या खिशात असायच्या. त्यामुळे माझ्या कामात त्याला माझ्या गाईडपेक्षा जास्त रस. दर आठवड्याचे आकडे मी त्याला वाचून दाखवायची, कारण दाखवायला दुसरं कुणी नव्हतंच. आकडेही काय सुरेख येत होते! नुसतं पाणी पिणाऱ्या दुसऱ्या गटाची साखर आठवड्यागणिक चढत होती. अर्क पिणाऱ्या चौथ्या गटाची आहे तिथंच थांबली होती. मी मोठ्या कागदावर आलेख काढला आणि उंदीरखोलीच्या भिंतीवर लावला. लाल रेघ वर चाललेली, हिरवी सपाट.

"ही तांबडी म्हंजी आपलं दोन नंबरचं पिंजरं?"

"हो."

"आन् ही हिरवी पाल्याची? पाल्यानं साखर धरली म्हणा की!"

"धरली मामा, चांगली धरून ठेवली."

असं मी त्याला एकदा नाही, चार वेळा सांगितलं. कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर माणूस जरा जास्तच सांगतो.

आणि आता शेवटच्या दिवशी दुसऱ्या गटाच्या पोटात भाकरी. मी बाहेर आले. उंदीर मारायच्या दिवशी म्हाळाप्पा आत थांबत नसे. तो कडुनिंबाखाली पाठ करून बसला होता.

"मामा, काल संध्याकाळी दोन नंबरच्या पिंजऱ्यांत भाकरी टाकलीत?"

त्यानं मागं वळून पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"टाकली."

"कालच, की आधीपण?"

"जवा जवा तुमी खाणं काढून घ्येताय, तवा तवा. वाईच गूळ लावून." तो गडबडला. "सगळ्यांस्नी न्हाय टाकत ताई. येवढी भाकरी कुटली पुरायला? फकस्त दोन नंबरास्नी. बाकीच्यांस्नी काय ना काय मिळतंय. कुणाला गोळी, कुणाला रस. ह्यांनी सुई टोचून घेतली, आजार घेतला आन् वाट्याला काय, तर पाणी. वर आनि उपाशी. सांजंचं मी दार लावाय गेलो का जाळीला त्वांड लावून सगळी बगत बसायची."

त्यानं उंदीरखोलीच्या दाराकडे बघून घेतलं.

"कळपात एकांदं पिल्लू आई जवळ करत न्हाय. मग त्याला हातानं पाजावं लागतं. त्यात काय इचारायचं असतंय? आन् काल तर जास्तीच टाकली. सकाळी तुमी मारनार. उपाशीपोटी कसं धाडायचं?"

दुसरा गट उपाशी नव्हताच. गूळ-भाकरी खाऊन त्यांची साखर मोजली जात होती. म्हणून ती चढत होती, म्हणून लाल रेघ वर गेली आणि तिच्याशेजारी हिरवी इतकी गुणाची दिसली. पाल्यानं काही धरून ठेवलं की नाही, हे आता सांगताच येत नव्हतं. तुलनाच खोटी होती, मग उरलं काय? पुन्हा प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीची परवानगी, पुन्हा चोवीस उंदीर, म्हणजे धरून चाला दीड वर्ष. वर्ध्याची जागा तोवर थोडीच थांबणार?

म्हाळाप्पा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"चुकलं का ताई? काय नुसकान झालं?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण गाईड सरांना कळलं तर याला त्याच संध्याकाळी घरी बसवतील, हे मला दिसत होतं. त्याच्यावर दया केली, असं मी पुढं कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे मला घरी जायचं होतं.

"नाही मामा, काही नुकसान नाही," मी म्हणाले. "पण कुणाला सांगू नका."

त्यानं सुटकेचा श्वास सोडला.

मी आत गेले आणि वहीत लिहिलं, सर्व प्राणी रात्रभर उपाशी. मग उरलेले उंदीर उघडले.

पुढचे तीन आठवडे मी मूग गिळून बसले आणि प्रबंधाचं प्रकरण लिहून काढलं. माझे गाईड, म्हणजे कॉलेजचे प्राचार्य डॉ. निंबर्गी, जाम खूश होते. माणूस वाईट नव्हता, पण त्या माळावरच्या कॉलेजाचं नाव कधीतरी कुठंतरी छापून यावं, ही त्यांची फार जुनी हौस. पुण्याच्या परिषदेला त्यांनी निबंध पाठवला आणि तो स्वीकारला गेला. मी बाबांना फोनवर सांगितलं की मार्चपर्यंत येते. बाबांनी माळ्यावरून माझी जुनी कॉट काढून तिची पट्टी बदलून घेतली.

म्हाळाप्पाच्या डब्यातली चतकोर मात्र मला गिळवेना. पोट बरं नाही म्हणून मी टाळायला लागले. दुपारी खोलीवर जाऊन एकटीच जेवायची. त्याच्याशी बोलणं कमी झालं आणि मी पहिल्यापेक्षाही एकटी पडले. हा एकटेपणा मी स्वतःच्या हातानं ओढवून घेतला होता, एवढाच फरक.

एका सोमवारी तो पिंजरे धुताना लंगडताना दिसला. उजव्या पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं.

"काय झालं मामा?"

"बाभळीचा काटा. व्हतंय बरं."

"कधी लागला?"

"झालं असतील पंधरा-ईस दिवस."

मी त्याला बसवलं आणि फडकं सोडलं. अंगठा काळानिळा, सुजून दुप्पट, आणि कडेनं पू. त्याला दुखतही नव्हतं फारसं, ते जास्त वाईट. मी उंदरांचं साखर मोजायचं यंत्र काढलं, नवी सुई लावली आणि त्याच्या बोटाचा थेंब पट्टीवर घेतला. आकडा आला चारशे सत्तेचाळीस.

"मामा, गोळ्या घेता ना?"

"सोडल्या की." तो अगदी सहज म्हणाला. "म्हैना झाला. पाल्याचा रस घेतुया रोज सकाळी वाटीभर. कडू हाय, पन घेतुया. दवाखान्यात डाक्टर वराडला, म्हनला गोळ्या खा. मी म्हनलं आमच्या ताईचं औषध चालू हाय, पुन्याला जानार हाय ते."

या वेळी गप्प राहायची सोय नव्हती.

"मामा, ऐका. पाला चालत नाही. म्हणजे चालतो की नाही ते मला माहीत नाही. तुम्ही दोन नंबरच्या उंदरांना गूळ-भाकरी टाकत होतात, म्हणून त्यांची साखर वाढली. म्हणून पाला चांगला दिसला. तुम्ही आज, आत्ता गोळ्या सुरू करा."

तो माझ्याकडे बघून हसला. लहान मुलानं थाप मारल्यावर हसतात तसा.

"माझा पाय बगून घाबरलाय तुमी."

"मामा, खरं सांगतेय."

"म्या इचारलं व्हतं तुमास्नी, नुसकान झालं का म्हणून. तुमी न्हाय म्हनला." त्यानं भिंतीकडे हात केला. "त्यो कागद आजून तितंच हाय. तांबडी वर, हिरवी सपाट. रोज बगतुया मी. खोटा असता तर तुमी ठिवला असता व्हय? शिकलेलं मानूस खोटं कशाला लिवंल?"

मी त्याला पुन्हा समजावलं. हात जोडले. तो नुसता मान हलवत राहिला. माझ्या जिभेपेक्षा माझ्या कागदावर त्याचा विश्वास जास्त होता आणि कागद माझाच होता.

मी भिंतीवरचा आलेख टराटरा ओढून काढला.

"चला माझ्याबरोबर."

प्राचार्यांच्या केबिनबाहेर मी त्याला बाकावर बसवलं आणि आत गेले. सगळं सांगितलं. भाकरी, तीळ, वहीत मी लिहिलेलं वाक्य. निंबर्गी सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ डोळे चोळले.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"नाही सर."

"मग राहू दे की, देवतळे." ते हलक्या आवाजात, जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाले. "पुण्याहून आलो की पुन्हा शांतपणे प्रयोग करू. तेव्हा दुरुस्त करू. त्या माणसाला मी दटावतो, गोळ्या घे म्हणून."

"तो ऐकत नाही सर. डॉक्टरचं ऐकलं नाही, माझं ऐकत नाही. मी लिहिलंय म्हणून ते खरं, असं त्याचं म्हणणं आहे."

"एका राखणदारासाठी तुम्ही तीन वर्षं मातीत घालणार?"

मी दार उघडलं आणि म्हाळाप्पाला आत बोलावलं. तो मुंडासं सावरत आला आणि टेबलापासून चार हात लांब उभा राहिला. प्राचार्यांच्या केबिनमध्ये तो पहिल्यांदाच येत असावा.

"मामा, सरांसमोर सांगते," मी म्हणाले. "मी खोटं लिहिलं. मला त्याच दिवशी कळलं होतं, दोन नंबरचे उंदीर जेवलेत ते. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. मला गावी जायचं होतं म्हणून." मी आलेखाचा कागद सरांच्या टेबलावर ठेवला आणि पेनानं त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काट मारली. "पुण्याचा निबंध मागे घ्या सर. माझी सही देते."

म्हाळाप्पा त्या काट मारलेल्या कागदाकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा कसा उतरत गेला ते मी पाहिलं. पालाही गेला आणि ताईही गेली, असंच काहीसं त्याला झालं असणार.

"उंदरांना भाकरी तुम्ही घातली?" सरांनी विचारलं.

"व्हय."

"उद्यापासून येऊ नका."

"व्हय," तो पुन्हा म्हणाला. कनवटीची उंदीरखोलीची किल्ली काढून त्यानं टेबलाच्या कडेला ठेवली. दारापर्यंत लंगडत गेला आणि तिथं थांबला. मागं वळला नाही.

"म्याडम, त्या गोळ्या जेवायच्या आदी घ्याच्या का मागनं?"

"आधी," मी म्हणाले. "अर्धा तास आधी."

तो गेला. त्याचा अंगठा काढावा लागला, पण पाय वाचला. मी दवाखान्यात दोनदा गेले. दोन्ही वेळा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि झोपलेला नव्हता. वर्ध्याची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मी तिथंच पुन्हा चोवीस उंदीर घेतले, त्यांना नीट उपाशी ठेवलं आणि पुन्हा प्रबंध लिहिला. पाल्यानं फार काही केलं नाही, असं त्यात लिहून मला डिग्री मिळाली. बाबांनी नीट करून घेतलेल्या त्या कॉटवर मी झोपले ती दोन वर्षांनी.

म्हाळाप्पा माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही. मी दर दिवाळीला वर्ध्याहून कॉलेजात फोन लावायची आणि क्लार्कला विचारायची, म्हाळाप्पा करांडे आहेत का. "हायेत की, काल बाजारात दिसले," असं काहीतरी तो सांगायचा आणि मी फोन ठेवायची. असे मी अकरा फोन केले. अकराव्या वेळी क्लार्क 'हायेत' नाही, 'होते' म्हणाला.